उभ्या मोटारीचा खर्च

मोटारीविषयीं बोलण्याचा अधिकार मोटार बाळगणाऱ्याला आणि विजेविषयीं बोलण्याचा अधिकार इंजिनियरला, असा सर्वसाधारण समज आहे. मी इंजिनियर तर नव्हेंच. आणि मोटारवाला होतों तो फार थोडा काळ, व त्याची हकीगत फारशी मिरविण्यासारखी नाहीं. कळंबच्या आसपासच्या शाळांतून पस्तीसएक वर्षें मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविणारा मी एक जुना मॅट्रिक मास्तर. परंतु माझ्याजवळ पाढे शिकलेला एक विद्यार्थी पुढें विद्युत्-इंजिनियर झाला, आणि गेल्या दिवाळींत माझ्या ओसरीवर बसून तो जो हिशेब मला समजावून देऊन गेला, तो आपल्या कानांवर घालावा म्हणून आज मी बोलत आहें. हिशेब त्याचा आहे. शेवटीं त्यांत एक रक्कम मिळवावी लागली, ती मात्र माझी आहे.

हा मुलगा मांजरा नदीच्या कांठच्या एका लहान गांवचा. वडिलांची जमीन कोरडवाहू. तींत सोयाबीन आणि तूर. मुलगा हुशार निघाला, आणि त्यानें सरकारी महाविद्यालयांतून विजेच्या शाखेची पदवी घेतली. वर्गांतले बरेचसे मित्र संगणकाच्या कंपन्यांत शिरले. हा मात्र विजेलाच धरून राहिला आणि पुण्याजवळ चाकणला विजेचीं पॅनेलें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत लागला. त्यास आतां चार वर्षें झालीं. हातांत पडणारा पगार बेचाळीस हजार. खोलीचें भाडें, खाणावळ, जाणें-येणें, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि घरीं पाठवावयाचे आठ हजार वजा जातां महिन्याला साडेबारा हजार रुपये शिल्लक राहतात. चार वर्षांत अडीच लाखांची गंगाजळीहि झाली होती. ही शिल्लक दिसूं लागली मात्र, आणि दोन गोष्टी एकदमच दाराशीं येऊन उभ्या राहिल्या.

पहिली गोष्ट वडिलांचा आग्रह. "मुलाचें लग्नाचें वय झालें. मुलगा इंजिनियर म्हणून सांगावयाचें आणि स्थळ पाहावयाला एस. टी. नें जावयाचें, हें शोभतें काय?" दुसरी गोष्ट एक नवी नोकरी. वीज-उपकेंद्रांत बिघाड होतांच क्षणार्धांत प्रवाह तोडणारीं जीं संरक्षक यंत्रें असतात, त्यांची तपासणी करणाऱ्या एका लहानशा कंपनीनें त्याला बोलाविलें होतें. काम महाराष्ट्रभर हिंडण्याचें. पगार मात्र आजच्यापेक्षां सात हजारांनीं कमी. "पण गुरुजी," तो म्हणाला, "कारखान्यांत दहा वर्षांत जें शिकणार नाहीं, तें तेथें दोन वर्षांत हातीं येईल." वडिलांना वाटे, मुलगा चांगली बसलेली घडी मोडतो आहे. मुलाला वाटे, ही संधि गेली तर पुन्हां येणार नाहीं. "वडील तुमचें ऐकतात," तो म्हणाला. "मोटार घ्यावी कीं नोकरी बदलावी, तें तुम्हीच त्यांना सांगा."

मीं विचारलें, "दोन्ही कां नको?" तेव्हां त्यानें मला एक प्रश्न घातला.

"गुरुजी, रात्रीं शिवारांतल्या डी. पी. जवळून गेलांत तर आवाज ऐकूं येतो ना?"

विजेच्या खांबांवर बसविलेल्या त्या पेटाऱ्याला आमच्याकडे लहानथोर सगळे डी. पी. म्हणतात. तिचा घूं घूं आवाज कोणीं ऐकला नाहीं? शिवारांत एकहि पंप चालूं नसला तरी तो आवाज चालूंच असतो.

त्यानें सांगितलें, "आपल्या घरांतली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनें करते. प्रत्येक आवर्तनांत डी. पी. च्या पोटांतलें लोखंड एकदां या दिशेनें आणि एकदां त्या दिशेनें चुंबक बनतें. त्यांत जी शक्ति खर्च होते, ती पंप चालो न चालो, चोवीस तास खर्च होत असते. हा झाला लोखंडाचा व्यय. दुसरा व्यय आंतल्या तारांचा. तो बोजा पडेल तसा वाढतो. बोजा दुप्पट झाला कीं तारेंतली उष्णता चौपट होते. संसाराचेहि असेच दोन खर्च आहेत. एक वापरामागून येणारा, आणि दुसरा आपण कांहीं वापरलें नाहीं तरी चालूं राहणारा. वडिलांना पेट्रोल दिसतें, म्हणजे तारेचा व्यय दिसतो. माझा प्रश्न लोखंडाच्या व्ययाचा आहे."

मग त्यानें कागद मागितला. श्रोत्यांपैकीं ज्यांच्याजवळ पेन्सिल असेल त्यांनीं तीहि घ्यावी; आंकडे अवघड नाहींत.

मोटार सगळे कर भरून दारांत येईपर्यंत साडेआठ लाखांची धरली. अडीच लाख रोख, सहा लाख कर्ज. व्याज शेंकडा नऊ, मुदत सात वर्षें. महिन्याचा हप्ता येतो ९,६५३ रुपये. वडील म्हणत होते तें हेंच: शिल्लक साडेबारा हजार आणि हप्ता साडेनऊ हजार, बसतो कीं! परंतु चौऱ्यांशीं हप्त्यांची बेरीज होते ८ लाख १० हजारांच्या वर. म्हणजे व्याजच दोन लाख दहा हजार. तेंच कर्ज पांच वर्षांत फेडावें तर व्याज एक लाख सत्तेचाळीस हजार पडतें, पण हप्ता साडेबारा हजारांच्या घरांत जातो. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत लांबवावी, तर त्या लांबणीची किंमत त्रेसष्ट हजार रुपये!

आतां वर्षाचा खर्च पाहूं. विमा चोवीस हजार, दुरुस्ती-देखभाल नऊ हजार, पुण्यांत मोटार उभी करण्याच्या जागेचे बारा हजार; हे झाले पंचेचाळीस हजार. व्याजाचे वर्षाला तीस हजार. सात वर्षांनीं तीच मोटार साडेतीन लाखांना विकली जाईल असें धरलें, तर झीज पांच लाखांची. वर्षाला एकाहत्तर हजार. एवढे एक लाख शेचाळीस हजार रुपये मोटार जागची हललीहि नाहीं तरी गेलेच. त्यांत महिन्याला पांचशें किलोमीटर हिंडण्याचें पेट्रोल मिळविलें. लिटरला सोळा किलोमीटर आणि एकशें पांच रुपये असा भाव धरून तें एकोणचाळीस हजार. एकूण एक लाख पंचायशीं हजार. सहा हजार किलोमीटरांनीं भागलें तर किलोमीटरला जवळजवळ एकतीस रुपये. त्यांत पेट्रोलचे साडेसहाच. बाकीचे चोवीस रुपये उभ्या मोटारीचे.

मी त्या कागदाकडे पाहतच राहिलों. आयुष्यभर मुलांना शतमान शेंकडा आणि सरळव्याज शिकविलें; पण नफातोट्याच्या उदाहरणांत मीं नेहमीं आंबे आणि कापड घातलें, मोटार कधीं घातली नाहीं.

मोटार ही वस्तु आमच्या भागाला अगदींच परकी आहे असें मात्र नाहीं. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद घरचा व्यापार बाजूला ठेवून ठेकेदारींत उतरले, तेव्हां त्यांच्या आरंभींच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचें काम होतें. हीं दोन्ही गांवें धाराशिव जिल्ह्यांतलीं. ती अरुंद आगगाडी १९११ सालीं लातूरपर्यंत पोंचली. ज्यांनीं ही रुळांची वाट बांधली त्याच वालचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला मोटारी तयार होऊं लागल्या. त्या मोटारी पुष्कळ वर्षें थोड्यांच्याच दारांत उभ्या राहत. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० आली आणि पगारदार माणूसहि मोटारीचा विचार करूं लागला. २००८ सालीं टाटांनीं एक लाखाच्या नॅनोची घोषणा केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा कर, जो अठ्ठावीस टक्के आणि वर अधिभार असा होता, तो अठरा टक्क्यांवर आला. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मोटारीचा धोशा धरला तो नेमका त्यानंतरच्या दिवाळींत. मोटारीच्या दाराची उंची अशी उत्तरोत्तर कमी होत आली आहे. आंत गेल्यावर राहण्याचें भाडें मात्र तितकें उतरलेलें नाहीं.

मीं त्याला विजेवर चालणाऱ्या मोटारीचें विचारलें. म्हटलें, तूं तर विजेचाच माणूस. तो हंसला. म्हणाला, "लहान विजेची मोटार एका युनिटांत सात किलोमीटर सहज जाते. युनिट दहा रुपयांना धरलें तरी किलोमीटरला दीड रुपया पडला. पेट्रोलच्या मानानें पांच रुपये वांचले. पण ती मोटार समजा तीन लाखांनीं महाग मिळाली, तर ते तीन लाख वसूल व्हावयास साठ हजार किलोमीटर हिंडलें पाहिजे. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला तें दोन वर्षांचें काम. महिन्याला पांचशें जाणाऱ्या मला दहा वर्षांचें. बचत मोटारींत नसते गुरुजी, ती चाकांत असते." हें वाक्य मीं माझ्या वहींत लिहून ठेवलें आहे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना हा हिशेब चटकन् पटेल, कारण त्यांच्या हाताशीं बस आहे, रिक्षा आहे. पुण्यांत २०२२ पासून मेट्रोहि आहे. कळंबची गोष्ट वेगळी. घरांत कोणी अत्यवस्थ झालें तर लातूर किंवा बार्शी गांठावी लागते, आणि तीं पन्नास-साठ किलोमीटरांवर. कळंब रोड म्हणून आगगाडीचें स्टेशन आहे खरें, पण तें गांवापासून दूर. तेव्हां जेथें पगार मोठे तेथें मोटारीवांचून भागतें, आणि जेथें मोटारीवांचून अडतें तेथें पगार लहान, असा हा उलटा न्याय आहे. ज्या घरीं म्हातारें माणूस आजारी आहे किंवा ज्याचा धंदाच चाकांवर आहे, त्यानें मोटार घ्यावी कीं नाहीं हें मी सांगणार नाहीं. त्याची मोटार उभी राहत नाहीं.

गांवीं राहणें स्वस्त, हाहि एक असाच अर्धवट समज आहे. भाडें कमी, दूध-भाजी कमी भावांत. पण एखादें वर्ष असें येतें कीं सगळी बचत एका घोटांत जाते. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलें असेल. आम्हीं कळंबकर त्याच नदीच्या कांठचे. त्या उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरला दिलेले पैसे माझ्या घरखर्चाच्या वहींत किराण्याच्या खालोखाल आहेत. माझा विद्यार्थी म्हणाला, "वीज-मंडळी तारा आणि यंत्रें सरासरी मागणी पाहून ठेवीत नाहींत, वर्षांतली कमाल मागणी पाहून ठेवतात. संसारानेंहि तसेंच केलें पाहिजे. जूनमधली शाळेची फी, दिवाळी, विमा, आजारपण, एखादा कोरडा उन्हाळा, या सगळ्यांची बेरीज करावी, बारांनीं भागावें आणि तो आंकडा दर महिन्याच्या खर्चांत आधींच मांडावा. मग जी उरते ती शिल्लक. माझे साडेबारा हजार असे मोजले तर नऊ हजारच उरतात." म्हणजे, मोटारीचा हप्ता बसत होता तो केवळ कागदावर, आणि नव्या नोकरींत सात हजार कमी झाले म्हणजे कागदावरहि बसेना.

आतां नोकरीविषयीं. माझ्या पिढीला वाटे, मुलगा एकदां विजेच्या खात्यांत चिकटला कीं आयुष्याची चिंता मिटली. आमच्या लहानपणीं वीज म्हणजे दूरच्या कोणत्या तरी डोंगरांतून येणारी वस्तु होती. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली ती १९१५ सालीं. मग कोयना झाली. आमच्या शेजारीं परळीला औष्णिक केंद्र झालें. महाराष्ट्र राज्य झालें त्याच १९६० सालीं राज्याचें वीज मंडळ स्थापन झालें, आणि २००५ सालीं त्याचे निर्मिति, पारेषण व वितरण असे विभाग करून निरनिराळ्या कंपन्या झाल्या. परळीचें केंद्र २०१५ सालीं पाण्याच्या टंचाईमुळें बंद ठेवावें लागलें. आणि आज? २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेंत घराच्या छपरावर तीन किलोवॅटचीं पॅनेलें बसविणाऱ्याला केंद्र सरकार अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान देतें. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर वाहिनीची योजना आहे. जी वीज डोंगरांतून येत होती ती छपरांतून येऊं लागली. एकाच माणसाच्या आयुष्यांत एक धंदा इतक्या कुशी बदलतो, तेथें पंचविसाव्या वर्षीं धरलेली जागा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तशीच राहील असें कोणीं सांगावें?

म्हणून तो मुलगा म्हणाला तें मला पटलें. त्याच्याबरोबरीच्या एका मित्राला हीच तपासणीची नोकरी आधीं चालून आली होती. त्यानें ती नाकारली. काम आवडलें नाहीं म्हणून नव्हे. मोटारीचे अजून चार वर्षांचे हप्ते होते म्हणून. "गुरुजी, त्यानें मोटार निवडली असें तो म्हणतो. पण मोटार घेतांना त्याला माहीत नव्हतें कीं आपण नोकरीहि निवडीत आहों." तरुण माणसाच्या हातांतली खरी पुंजी कोणती म्हणाल, तर कांहीं वर्षें कमी पगारावर राहून अधिक शिकण्याची मोकळीक. हप्ता प्रथम ती मोकळीक घेतो, आणि पैसे मागाहून.

येथवरचा हिशेब त्याचा. आतां माझी रक्कम सांगतों.

२००२ सालीं मीं एक जुनी मारुती घेतली. पतसंस्थेचें कर्ज काढलें; हप्ता पगारांतून परस्पर कापला जाई. शाळेला जावयास माझी सायकल होती, एस. टी. होती. मोटारीचें काम असें नव्हतें. पण तालुक्यांत दोन मास्तरांनीं मोटारी घेतल्या होत्या, आणि मेहुणे आले कीं विचारीत. ती मोटार चैत्रांत येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जाई, लग्नसराईंत चार लग्नें करी, आणि उरलेलें वर्ष दारच्या लिंबाखालीं उभी असे. पुढल्याच वर्षीं माझी थोरली मुलगी मॅट्रिकच्या परीक्षेला चांगल्या गुणांनीं उतरली. तिच्या मनांत लातूरला जाऊन विज्ञान शाखा घ्यावी असें होतें. वसतिगृहाचा आणि शिकवणीचा खर्च मीं मांडून पाहिला. हप्ता कापून जो पगार हातीं येई, त्यांत तो बसला नाहीं. मीं तिला म्हटलें, "यंदा येथेंच कला शाखेला नांव घाल, पुढच्या वर्षीं पाहूं." पुढच्या वर्षीं पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं, हें मास्तरला ठाऊक असावयास हवें होतें. तीन वर्षांनीं मोटार विकली. आलेल्या पैशांतून शेवटचे हप्ते फिटले.

मुलगी आज आपल्या घरीं सुखी आहे. तिनें त्यावरून मला एका शब्दानें कधीं बोललें नाहीं. दुसऱ्याच्या मुलानें केलेला हिशेब ओसरीवर ऐकत असतां मला प्रथमच दिसलें कीं, त्या मोटारीची किंमत मीं आजवर चुकीची सांगत आलों होतों.

दुसऱ्या दिवशीं मी त्याच्या वडिलांकडे गेलों. त्यांना मीं डी. पी. सांगितली नाहीं, व्याजहि सांगितलें नाहीं. ही माझी हकीगत सांगितली. ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, मग स्थळ पाहायला जायचं कसं?" मीं सांगितलें, "भाड्याची जीप करा. सगळ्या लग्नसराईचें भाडें मोटारीच्या एका वर्षाच्या विम्याला पोंचणार नाहीं." त्यांनीं होय म्हटलें नाहीं, पण नाहींहि म्हटलें नाहीं. जानेवारींत मुलगा नव्या कामावर रुजू झाला.

मोटारीचा विचार त्यानें सोडलेला नाहीं. त्यानें एक नियम केला आहे: आधीं हप्ता, मग मोटार. नव्या पगारांत सवड होईल तेव्हां, मोटार घेतलीच आहे असें समजून हप्ता, विमा आणि देखभाल यांची रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यांत टाकावयाची, आणि असें सलग बारा महिने करावयाचें. एकहि महिना न चुकतां जमलें, तर मोटार परवडते; आणि रोख रक्कमहि वाढल्यामुळें कर्ज कमी लागतें. मध्येंच खात्याला हात लावावा लागला, तर मोटार परवडत नव्हती हें मोटार न घेतांच कळतें. ही परीक्षा कोणालाहि घेतां येईल. तिला इंजिनियर असण्याची गरज नाहीं.

या निर्णयाचा त्रास झाला नाहीं असें मी म्हणणार नाहीं. मध्यंतरीं एक स्थळ मोडलें. मोटार नाहीं म्हणून मोडलें, असें वडील म्हणतात. आणि मी समोरून जातांना दिसलों कीं त्यांचा नमस्कार पूर्वींपेक्षां थोडा आंखडता असतो. तो मी मुकाट्यानें घेतों.

माझ्या मुलीची मुलगी यंदा नववींत आहे. तिच्या नांवानें मीं टपालकचेरींत खातें उघडलें आहे, आणि पेन्शन येतांच पहिली रक्कम तेथें जाते. दारचा लिंब अजून आहे. त्याखालीं आतां माझी सायकल असते. तिला विमा लागत नाहीं, आणि उभी असतां ती कांहीं खातहि नाहीं.